वालट्यूब

मेडिकलच्या ओपीडीत डॉक्टरीण बाईनं विचारलं,
बिडी? तंबाखू? किती वर्षं?
वच्छला हासली, हासता हासता खोकली,
खोकला थांबेस्तोवर बाईनं फॉर्मावर
आडवी रेघ मारून टाकली होती.
चुलीचा रकाना त्या फॉर्मात नव्हताच.

गोळीबार चौकातल्या सावजीकडं एकतीस वर्षं.
ओली बाभूळ, लोखंडी कढई,
तेलात मिरची पडली की रस्त्यावरचा माणूस शिंके.
गिऱ्हाईक नाक पुसत म्हणे, वा!
ती आत. तोंडाला फुंकणी.

मग मशीनची नळी दिली हातात.
फुंका आजी, जोरात, अजून, अजून, अजून
वच्छलानं नळी फिरवून पाह्यली.
"फुंकणीच तं आहे," म्हणाली.
कागदावरची रेघ जराशी उठली
अन् पडली, उन्हातल्या कुत्र्यावानी.

मले वाटे, तिले हवा कमी पडते.
रात्री कूलर तिच्या तोंडाजवळ सरकवू.
ती म्हणे, नका, भरली आहे गळ्यापर्यंत.
मी चिडू. भरली, तं गुदमरते काहून?

बाईनं द्राक्षाचा घोस काढून समजावलं.
मी मान हलवली, समजलं काहीच नाही.
समजलं तीन दिवसांनी, दुकानात,
मुश्ताकच्या पोराची ट्यूब खोलली तेव्हा.
रबर चिकटलं होतं वालाले.
पंप मारला, जाते आत.
सोडाले गेलं, तं येत नाही.
जुनीच हवा बसून राहते
एसटीत रुमाल टाकून जागा धरल्यावानी,
नवी दारात उभी.

ट्यूब मांडीवर घेऊन बसलो मी
पोरगं "काका, झाली का?" म्हणेपर्यंत.

बिडी माझी होती.
फॉर्मात तेही नाही.
खाटेवर, तिच्या उशाशी, दिवसाचं एक बंडल.
माझा दम अजून पक्का आहे.

रबर दोन रुपयाचं, बदलता येते.
हे नाही बदलत, बाई म्हणाली, उरलं तेवढं जपा.
सकाळ-संध्याकाळ पंप, मग चूळ.
अन् श्वास सोडा ओठ चिमटून,
घेतला त्याच्या दुप्पट वेळ.

आता संध्याकाळी ओट्यावर बसते.
ओठांचीच फुंकणी,
समोर विस्तव नाही.
मी मोजतो.
आत, एक, दोन.
बाहेर, एक, दोन, तीन,

"अन् तुमी?" मधातच विचारते,
"तुमी काहून दम रोखून बसले?"