सहभागी क्रमांक त्रेसष्ट

उदगीरला, कॉलेजच्या जुन्या टायपिंगच्या खोलीत
माझी प्रयोगशाळा.
खिडकीला चादर, चादरीला चार चिमटे
आणि मॉनिटरच्या डोक्यावर रबरबँडनं बसवलेला
नऊशे रुपयांचा वेबकॅम,
ज्याला मी सहा महिने मराठी वाचायला शिकवतेय.
म्हणजे मराठी नाही.
मराठी वाचणाऱ्यांचे डोळे.

आधी नऊ ठिपके.
एकेक उजळतो, माणूस त्याच्याकडे बघतो,
कॅमेरा मनाशी गाठ मारतो:
बुबुळ असं, तर नजर तिथं.
डोकं हलवू नका. चष्मा पुसून घ्या.
लाइट गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तरी चूक राहतेच. बोटभर.
माणूस वाचत असतो 'विहीर',
कॅमेरा शपथेवर सांगतो, 'कोरडी'.
पुण्याला म्हणे चार लाखांचं यंत्र आहे,
पापणी लवायच्या आत त्याला कळतं.
माझ्याकडे पार्ले बिस्किटाचे पुडे
आणि ते न घेता जाणारी माणसं.

बासष्ट जण वाचून गेले.
अंगणवाडीच्या सुलक्षणाताई, पोस्टातले बिरादार,
नीटची तयारी करणारा एक पोरगा,
जो उतारा सोडून खाली पर्यायच शोधत राहिला.

त्रेसष्टावे दस्तगीर तांबोळी.
चाळीस वर्षं छापखान्यात जुळारी,
शिशाचे उलटे खिळे सुलटे वाचण्यात गेलेले डोळे,
डाव्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन.
पाचव्या ओळीत त्यांचा लाल ठिपका
वर उडाला
आणि एका शब्दाच्या डोक्यावर, कोऱ्या जागेत,
चार सेकंद बसून राहिला.
मी वहीत लिहिलं: कॅमेरा सरकला. नोंद बाद.

"कुठं बघलालतो मी, दाखवा की."
दाखवलं.
"हितं टिंब पडलंय, बाई.
'त्यांना एकच खत होती' म्हणं. खत कुठं *होती* असतंय?
खंत हाय ती."
जरा थांबून म्हणाले,
"आमच्यात खत म्हंजी चिठ्ठी.
ती एकच असली तरी खंतच की."

उतारा मी टाइप केलेला.
सरांनी तपासलेला, समितीनं शिक्का मारलेला.
बासष्ट जणांनी ती खंत
आपापल्या घरून आणून भरली
आणि पुढच्या ओळीवर गेले.

सिद्ध काहीच होत नाही.
कॅमेऱ्याची चूक बोटभर, अनुस्वार मोहरीएवढा.
ते टिंबाच्या जागी बघत होते
की रबरबँड सैल झालं होतं,
हे नऊशे रुपयांत कळायचं नाही.
मी 'बाद' खोडलं.
पुढे काय लिहावं ते सुचेना,
तिथं कोरंच ठेवलं.

जाताना त्यांनी चष्मा डबीत घातला,
आणि उजव्या हाताची दोन बोटं, सवयीनं,
कुठल्यातरी खणात गेली,
हवेतून एक खिळा उचलला,
न बघता.