नियमित क्रियापद

तांदळे सर बारा वर्षं बोटीवर होते.
आता विश्रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानावर,
आम्हा आठ जणांना स्पॅनिश शिकवतात.
मी बेदाण्याच्या ऑफिसातली.
लिमाचं गिऱ्हाईक इंग्रजी मेलला उत्तर देत नाही,
म्हणून शेठजींनी फी भरली.

आज पूर्ण भूतकाळ.
सर म्हणाले, हा काळ एकटा उभा राहत नाही,
त्याच्या पुढ्यात दुसरं काहीतरी घडून जावं लागतं.
साधं, नियमित क्रियापद घ्या कुठलंही.
मी घेतलं पेसार. तोलणं.

आबिया पेसादो, मी तोललं होतं.
आबिया पेसादो, त्यानं तोललं होतं.
सर, दोन्ही सारखंच?
सारखंच. बोलण्यावरून ओळखायचं.

अप्पा मार्केट यार्डात मापाडी.
रायगोंडा मापाडी म्हटलं की काट्याकडं बोट व्हायचं.
एकाला कधी एक म्हणाले नाहीत,
लाभ म्हणायचे, मग दोन, मग तीन,
आणि सदऱ्याचा पिवळा रंग
आईनं कितीही आपटला तरी जायचा नाही.

आमच्यात क्रियापद मालासमोर वाकतं:
गूळ तोलला होता, हळद तोलली होती,
बेदाणे तोलले होते.
तिकडं गूळ येवो, हळद येवो,
पेसादो ते पेसादोच,
सरकारी छापाच्या वजनासारखं.

वाक्य करा, सर म्हणाले.
कृष्णेचं पाणी हरिपुरात शिरलं
तेव्हा अप्पांनी चारशे पोती तोलली होती.
पेवं भरली होती. वर माती लिंपली होती.
तोलाई मिळायची होती.
ह्याला कुठला काळ, सर?
तो पुढच्या महिन्यात, म्हणाले.

आबियाइसचा रकाना खोडायला लावला.
लिमात तसं कुणी बोलत नाही.
शब्दकोशात पेसारखाली अजून एक ओळ होती,
नाम, पुल्लिंगी: खंत.
ती आजच्या धड्यात नव्हती.

राहिलं आबियामोस पेसादो.
सर, हे आम्ही की आपण?
त्यांच्यात एकच.
म्हणजे समोरच्याला धरलंय की वगळलंय,
ते विचारतच नाहीत?
सर फळा पुसत होते.

मी वहीत आम्ही लिहिलं होतं.
खोडून आपण केलं.
तांदळे सरांनी बरोबरची खूण केली.
त्यांना काय, दोन्ही बरोबर.