बेचाळीस मिलिमीटर

समुद्र मी पाहिलेला नाही.
तो माझ्याकडे येतो सांवेर रोडला,
टेंपोतून, ड्रॉइंगच्या गुंडाळीत.
खाली उजव्या कोपऱ्यात,
जिथे चहाचा कप ठेवायची सवय आहे कोठारीजींना,
तिथे एका चौकोनात लिहिलेलं असतं:
वारा, ताशी इतके किलोमीटर.
वर बोल्टचं चित्र.

अकरा वर्षांपूर्वी बोल्ट होता तीस मिलिमीटर.
मग छत्तीस.
मधल्या काळात तिकडे काही येऊन गेलं असणार.
मी पेपरात वाचलं नाही, मुलीची दहावी होती.
पण बोल्ट जाड झाला
तेव्हा कळलं.

हे बोल्ट टॉवरच्या दारांना धरतात,
असं त्यांचा इन्स्पेक्टर म्हणाला, श्रीनिवासुलू,
सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाता खाता.
दार म्हणजे आपल्या घराचं नव्हे.
आपलं सगळं घर मावेल, वर आणखी नऊ घरं,
एवढं दार.
आत रॉकेट उभं.
ताप आलेल्या पोराला बाहेर नेत नाहीत
तसं वादळाच्या दिवसांत त्याला आत ठेवतात.
चाचणीचे चौथरे मात्र उघड्यावर. त्यांना कोण झाकणार?
'आग सोसतं हो ते, पोटातली,' तो म्हणाला.
'बाजूने आलेला वारा सोसत नाही.'
मग किनाऱ्यावर कशाला बांधता?
तो हसला. कीस तिखट लागला होता, डोळे पुसले.
'पडलं, तर पाण्यात पडावं म्हणून.'

बोल्ट क्रमांक एकशे अठरा.
जो आत जाऊ नये तो गेज
अडीच आटे आत गेला.
पुन्हा लावला, तर दोन.
दोन चालतात.
बाहेर ट्रक हॉर्न देत होता.
रामकिशन म्हणाला, 'पागनीसबाई, काय बघून राहिल्या इतकं?'
तिसऱ्यांदा मी लावला नाही.
हिरवा ठिपका दिला.

आज रात्री टीव्हीवर
बंगालच्या उपसागरात पांढरं काहीतरी गरगरतंय,
मधोमध भोक, सळईला पाडतो तसं.
बाई बोटींचं सांगते, शाळांचं सांगते,
त्या तळाचं नाव एकदाच घेते आणि पुढे जाते.
इथे रामबागेत हवा नाही.
अशोकाचं पान हलत नाही,
समोरच्या गच्चीवरचा परकर जसाच्या तसा.
'झोप नाही येत?' हे विचारतात.
गरम होतंय, म्हणते.
काय सांगू, की हजारावर किलोमीटरांवर
एका दाराला
माझा हिरवा ठिपका धरून उभा आहे?

चौथ्या दिवशी फोन लागला.
मागे करवतीचा आवाज. सुरूची झाडं आडवी झालीत,
रस्ता मोकळा करतायत.
दार आहे, म्हणाला.
दोन कॅमेरे गेले, पहारेकऱ्याच्या खोलीचे पत्रे गेले,
चाचणीच्या खड्ड्यात गुडघाभर खारं पाणी,
त्यात मासे.
पहारेकरी?
तो आधीच गावात गेला होता, शाळेत, बायकामुलांना घेऊन.
आणि बोल्ट?
'कुठला बोल्ट, मॅडम? दोनशे आहेत.'
खरंय.
दोनशे आहेत.

मार्चमध्ये टेंपो आला.
कोठारीजींनी कप ठेवायच्या आत
मी कोपरा वाचून घेतला.
वाऱ्याचा आकडा वाढलाय.
बेचाळीस.
रामकिशनने सळई लेथवर चढवली,
पहिला निळा काप निघाला, पीळ घेत, गरम,
माझ्या चपलेपाशी येऊन पडला.

छत्तीसचा तो गेज आता कुणाला नको.
विचारून घरी आणला.
गच्चीवर कुरडया घालते तेव्हा
प्लास्टिकच्या कोपऱ्यावर ठेवते.
वारा नसला
तरी.