पोका-पोका

रविवारी कर्वे रोडवरच्या जपानी क्लासात
बेलसरे मॅडम फळ्यावर लिहितात: पोका-पोका.
आतून चढत जाणारी ऊब, म्हणतात,
उन्हानं, सुपानं,
किंवा कुणी नीट ऐकून घेतल्यानं.
मराठीत काय म्हणाल?
गरमागरम? ती तर भजी झाली.
ऊबदार? तो दुकानातला स्वेटर.

घरी बाबा गॅलरीत,
डिसेंबरच्या उन्हाला पाठ देऊन.
खडकीच्या फॅक्टरीत अडतीस वर्षं उभे राहिलेले गुडघे
सतरंजीवर लांब सोडलेले.
मी विचारते. बराच वेळ गप्प.
मग जरा सरकतात,
बुडाखालचा तापलेला तुकडा
मला देतात.

वहीत त्या शब्दापुढची जागा
अजून कोरीच आहे.
त्याच्या खालचा, होत्तो,
तो मात्र लगेच जमला:
हुश्श.