के मुका आहे

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, चॅपलच्या तळघरात
दर मंगळवारी साडेसहाला इंग्रजीचा वर्ग.
हीटर मी लावतो, खुर्च्या मी मांडतो, अकरा.
किल्ल्या माझ्याकडे असतात.
शिकवतात मिसेस बोल्टबी. जन्मभर नर्स होत्या,
खडू अजून थर्मामीटरसारखा धरतात,
आधी झटकून.

त्या दिवशी फळ्यावर एकच क्रियापद, चार अक्षरांचं.
"पहिला के मुका आहे," बाई म्हणाल्या,
"पूर्वी बोलायचा. मग लोकांनी त्याला गप्प केलं.
जागा मात्र त्याने सोडली नाही."
सगळ्यांनी म्हणून पाहिलं : नो.
"आणि नाही म्हणायचं असेल तर?" दाइवाने विचारलं.
"तरी नो."
"मग ऐकणाऱ्याला कळणार कसं?"
बाईंनी चष्मा पुसला.

दाइवा फॅक्टरीत कॉड कापते, बर्फाच्या पाण्यात कोपरापर्यंत.
तिच्या लिथुआनियात म्हणे या एका शब्दाचे तीन शब्द.
सुरी चालवायला मला येतं, ती म्हणाली.
(येतं. कुठून तरी चालत येतं
आणि बोटांत येऊन बसतं.)
सुपरवायझरचं नाव मला माहीत आहे.
आणि त्याला मी चांगली ओळखून आहे.
बाईंनी तिन्ही वाक्यांत तोच शब्द घातला,
एकाच मापाचे बूट तीन पोरांना.

मागून तेस्फालेम, सहसा न बोलणारा :
"जुन्या ग्रंथांत नवरा बायकोला जाणतो
आणि नऊ महिन्यांनी पाळणा हलतो,
तेही हेच?"
"तेही हेच," बाई फळ्याकडे वळून म्हणाल्या.
कान लाल झालेले मला दारातून दिसले.
त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.
मेरहावीची रात्रपाळी असेल, असं आम्ही धरून चाललो.

सात वीसला जिन्यावर बूट वाजले.
तरुण कॉन्स्टेबल, टोपी काखेत, हातात एक फोटो.
दुपारी तिसऱ्या धक्क्याजवळ पाण्यातून काढलेला माणूस.
खिशात या वर्गाचं वेळापत्रक सापडलेलं,
शाई पसरलेली, मंगळवार तेवढा शाबूत.
त्याने फोटो एकेकापुढे धरला
आणि विचारलं ते ह्याच क्रियापदाने.

तेस्फालेम म्हणाला, "नो."

पोराने वहीत लिहिलं : नाही.

सात महिने एका खोलीत, एका किटलीवर.
भिंतीकडे तोंड करून झोपतो, हे त्याला ठाऊक होतं.
चहात चार साखरा. फोन वाजला की आधी उभा राहतो.
कांदा चिरताना गातो, आणि कुणी आत आलं की थांबतो.
पण फॉर्मला हवं होतं बापाचं नाव,
जन्मतारीख, गाव, सीमा कुठून ओलांडली.
त्यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं.
आणि जे होतं
त्याला चौकोन नव्हता.

"खोडा ते," मिसेस बोल्टबी म्हणाल्या.
नर्सचा आवाज, वॉर्डात वापरायचा तो.
"तुम्ही के ऐकला नाहीत."
पोरगा गोंधळला. "तो ऐकू येत नाही ना, मॅडम."
"येत नाही," त्या म्हणाल्या, "म्हणूनच."

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत आमच्या दारात
ट्रॉलर कंपनीचा माणूस आला होता, ओला रेनकोट घालून.
त्याने तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "आय नो,"
आणि बटाटे सोलत राहिली.
तिला काहीच माहीत नव्हतं.
कळलं होतं.
पोटात कळ येते तसं, त्याच वाटेने.
मी सोळा वर्षांचा. मला वाटलं,
ती नाही म्हणतेय.

पुढच्या मंगळवारी हीटर लावला.
दहा खुर्च्या, मला माहीत होतं.
हातांनी अकरा मांडल्या.