वाढ नाही

खुबा दुसऱ्यांदा बोलायला लागला
तेव्हा मी शिरोलीत, तीन नंबरच्या शेडमध्ये
कोअर-बॉक्सवर वाकलो होतो.
पहिल्यांदा बोलला तो झिजला म्हणून.
बदलून घेतला : चकचकीत गोळा, वाटी, दांडा.
चौदा महिने कुरकुर नाही.
मग जांघेत ठणका, रात्रीचा, आतून,
आणि जुन्या टाक्यांच्या कडेला
तांदळाएवढं तोंड. ओलं.
हौसा म्हणाली, केसतूड असंल,
आणि हळद लावली.

डॉक्टर मगदूमनी हळद पुसली.
पडद्यावर बघत बघत
लांब सुई खुब्यात घातली.
गढूळ आलं. ताकाची निवळ, पण पिवळी.
"चौदा दिवस वाढवत ठेवू," म्हणाले,
"काही जंतू आळशी असतात."

नवव्या दिवशी उगवला.
आडनावासकट नाव आलं कागदावर,
कुठल्या औषधाला भितो, कुठल्याला नाही,
सगळी कुंडली.

मी म्हटलं, जोरातल्या गोळ्या द्या.
म्हणाले, तो गोळ्यावरच बसलाय,
रंकाळ्याच्या पायरीला शेवाळ धरतं
तसा थर धरून.
वरून औषध ओतलं तर वरचे मरतील.
"तुम्ही फौंड्रीतले ना?
कास्टिंगला ब्लोहोल निघाला तर काय करता?"

मी लगेच बोललो नाही.
शहाण्णव साली एका पंपाच्या बॉडीतला ब्लोहोल
मी लांबी भरून, रेड ऑक्साइड मारून
पास केला होता.
शनिवार होता. टेम्पो उभा होता.
तो पंप कुणाच्या विहिरीवर बसला,
किती दिवस पाणी ओढलं त्यानं,
माहीत नाही.
"वितळवतो," मी म्हटलं.

काढला सगळा.
दांडा निघेना म्हणून मांडीचं हाड उभं चिरलं,
तारांनी परत आवळलं.
नऊ लिटर सलाइननं आतली खोली धुतली
आणि रिकाम्या खोबणीत बसवला
सिमेंटचा तात्पुरता गोळा,
औषध कालवून, तिथंच साच्यात ओतलेला.
अर्धवट शुद्धीत मी विचारलं म्हणे,
"रायझर ठेवला होता का?"
इर्शाद ब्रदर अजून हसतो.

सहा आठवडे दंडात नळी.
सकाळ-संध्याकाळ बाटली.
दर सोमवारी रक्त : मूत्रपिंड काय म्हणतंय, सूज किती.
एका कॅप्सूलनं लघवी केशरी झाली, घाम केशरी,
आणि एकदा डोळ्यांतलं पाणीसुद्धा.
उशीच्या अभ्र्यावर डाग सापडला
तेव्हा हौसाला कळलं.
ती काही बोलली नाही. भिजत टाकला.

पाय पाऊण इंच आखूड. वॉकर.
खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही.
भाचीच्या सुपारीला सगळे सतरंजीवर,
मी एकटा खुर्चीत.
पोराकडच्यांना वाटलं मीच मानकरी.
पहिला नारळ माझ्या हातात दिला.

नंतर औषधंही बंद. दोन आठवडे.
हे सगळ्यांत अवघड होतं.
ओतून झाल्यावर साचा लगेच फोडत नाहीत,
गरम असताना फोडला तर तडकतो,
हे मी पोरांना तीस वर्षं शिकवलंय.
आता रात्री मांडीवर हात ठेवून
ठणका शोधायचो.
नसला तरी झोप लागायची नाही.

परत सुई. परत चौदा दिवस.
काल कागद आला. शेवटच्या ओळीत :
वाढ नाही.
हे दोन शब्द दर दिवाळीला
नोटीस बोर्डावर वाचले,
मालकाच्या सात पिढ्या काढल्या.
काल तीनदा वाचले, चष्मा पुसून.

गुरुवारी नवा बसवू, मगदूम म्हणाले.
शंभरातल्या दहा-बाराजणांना परत उलटतो,
हेही म्हणाले, सही घेताना.
मी विचारलं, ते दहा-बारा कोण?
ते पेनाचं टोपण शोधत राहिले.

घरी आलो तर तवा तापला होता.
हौसानं आतूनच विचारलं, वाढू?
मी वॉकर भिंतीला टेकवला.
वाढ, म्हटलं.