वर्ग तीस

आधी नाव नव्हतंच काही.
तेशीच्या नाक्यावर, केंकीच्या टोपलीशेजारी
आई बसायची, आणि लोक म्हणायचे,
आयोर्कोरकडचा शितो आण.
बरणी कुठलीही चालायची, जॅमची, मेयोनिजची,
एकदा तर खोकल्याच्या औषधाची.

ती गेल्यावर मी ओब्लितेईला बोलावलं.
तो सलूनच्या पाट्या रंगवतो, शवपेट्याही.
म्हटलं, आईचं तोंड काढ.
त्यानं काढलं : एका कानात डूल, दुसरा कान रिकामा,
डाव्या गालावर लहानपणी आकडीवर दिलेली
तांदळाएवढी चीर.
पैसे घेतले नाहीत. चार बरण्या घेतल्या.

मग ते तोंड चालू लागलं.
वसतिगृहांच्या ट्रंकांतून केप कोस्टला गेलं,
कुमासीला गेलं, कुणाच्या तरी पुतण्याबरोबर हॅम्बुर्गला.
आईनं हयातीत
टेमाच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं.

एका मंगळवारी एक बाई आली
आणि तिनं बरणी माझ्यापुढं आपटली.
वास जळक्या तेलाचा, तळाशी कचकच.
पोराला तीन दिवस सलाईन लावलं होतं.
झाकणाखालून आई माझ्याकडं बघत होती.
मी म्हटलं, ही माझी बरणी नाही.
बाई म्हणाली, तोंड तर तुमच्याच आईचं.

चव कुणी चोरली असती तर हसले असते,
मिरची काय मी शोधून काढलेली नाही.
पण आम्ही नाव कमवायचं
आणि बट्टा लावायला दुसऱ्यानं यायचं?

वकीलबाई सेदिनाम म्हणाल्या,
नोंदणीशिवायही भांडता येतं,
फक्त लोक तुमच्या आईला ओळखतात
हे आधी सिद्ध करावं लागेल.
जुन्या पावत्या आहेत?
आई हिशेब चुलीमागच्या भिंतीवर लिहायची, कोळशानं,
आणि दर नाताळाला भिंतीला चुना द्यायची.

म्हणून मग अर्ज.
अर्जदार : लामिले. वर्ग : तीस, चटण्या व मसाले.
चिन्हाचं वर्णन करा.
मी लिहिलं, प्रौढ स्त्री, डूल एक.
पेन थांबलं. दुसरं डूल तिनं
माझ्या शाळेच्या फीसाठी विकलं होतं,
त्याला रकाना नव्हता.
गालावरच्या चिरेचं मात्र सगळं लिहिलं,
बाजू, लांबी, कल.

ओब्लितेईचीही सही लागली.
तोंड तुझ्या आईचं, पण हात माझा, म्हणाला,
पुन्हा चार बरण्या घेतल्या
आणि हात माझ्या नावे करून दिला.

मग म्हणे राजपत्रात छापतात,
कुणाची हरकत असेल तर दोन महिन्यांत कळवा.
दोन महिने मला झोप नाही.
जन्मभर जिला उभा नाका नावं ठेवायचा,
भाव, जीभ, लग्न, सगळ्यालाच,
तिच्याविरुद्ध एकही हरकत आली नाही.

कागद आला. दिसायला साधाच,
आमच्याकडं लग्नपत्रिका याहून जाड असते.
पण अफ्लाओच्या नाक्यावरून एका अधिकाऱ्याचा फोन आला,
बाई, तीनशे बरण्या अडवल्यात,
तोंड तुमच्या कागदावरचंच,
फक्त गाल स्वच्छ आहे.
त्यांनी तिला जरा देखणी केली होती.
तेवढ्यावर सापडले.

बँकेतला पोरगा आता खुर्ची देतो.
हॅम्बुर्गचा दुकानदार परवानगी मागतो, आणि मोबदला देतो.
भाऊ म्हणतो, आईचं तोंड भाड्यानं दिलंस.
मी म्हणते, फुकट फिरत होतं
तेव्हा कुठं होतास?

तरी रात्री झाकणं घट्ट करताना
पन्नास वेळा तिच्याकडं बघावं लागतं,
आणि एकेक दिवस ते जमत नाही.
तेव्हा बरण्या भिंतीकडं तोंड करून लावते.

नोंदणी दहा वर्षांची. मग पुन्हा फी, पुन्हा अर्ज.
विसरलं तर हक्क जातो, असं सेदिनामबाईंनी बजावलंय.
मी तारीख चुलीमागं लिहून ठेवलीय, कोळशानं.
यंदा नाताळाला
तेवढी जागा सोडून चुना दिला.